शेवटच्या थांब्यावरची बाटली

आमच्या भावजींसमोर ‘कोमट’ हा शब्द काढायचा नाही. एक वेळ त्यांना शिवी द्या, हसून सोडून देतील. पण सरबत कोमट आहे म्हणालात, की माणूस दिवसभर जेवणार नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शाळेच्या चड्डीत होते, आता डोक्यावर केस शोधावे लागतात. स्वतःचं लग्न काही त्यांनी केलं नाही. मी म्हणते, बरंच झालं, त्या बाईला या घरात फ्रिजमध्ये बोटभर जागा मिळाली नसती. मला तरी कुठे मिळते? आमच्या फ्रिजमध्ये वरपासून खालपर्यंत सरबताच्या बाटल्या. भाजी बाहेर सुकते, दूध दोन वेळा तापवावं लागतं. मी ओरडले की म्हणतात, “वहिनी, भाजी काय, संध्याकाळी ताजी आणता येते. सरबत आदल्या दिवशीच गार झालेलं असलं पाहिजे.” जसं काही मी बाजारात हवा खायला जाते!

मोटारसायकलवरून थंड सरबत विकायचं, हा त्यांचा धंदा. तोसुद्धा शहरात नाही. शहरात काय, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं. हे जातात बाहेर, जिथे ना वीज, ना झाड, ना बसायला धड दगड. रस्त्याच्या डांबराचं काम, मग खडीची खाण, आणि सगळ्यात शेवटी मिठागर. तिथली माणसं यांना ‘गारेगार’ म्हणतात. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि यांनी कधी सांगितलंही नसेल.

हे थंडाईचं वेड काही आजचं नाही. शाळा सुटली तसे ते बर्फाच्या कारखान्यात लागले. साच्यातून लाद्या बाहेर ओढायच्या, करवतीनं कापायच्या, भुशात घालून ठेवायच्या. हिवाळ्यात हातांना भेगा पडायच्या, मी तेल लावून द्यायची, आणि हे मला बर्फ काचेसारखा निघाला की दुधाळ निघाला याच्या गोष्टी सांगत बसायचे. पुढे तो कारखाना बंद पडला. सगळे कामगार फाटकाशी उभे राहून मालकाच्या नावानं शंख करत होते, आणि आमचे भावजी आत जाऊन उरलेल्या लाद्यांवर भुसा पसरत होते. का, तर म्हणे, “वितळल्या असत्या हो!” आता अशा माणसाला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

मग मोटारसायकल आली. पहिल्या वर्षी त्यांनी जे उपद्व्याप केले, ते माझं मलाच माहीत. आधी दुधाचा कॅन रजईत गुंडाळून नेला. रजई माझ्या माहेरची. ती भिजून अशी जड झाली की गाडीच एका अंगाला कलायची. मग थर्माकोलची पेटी आणली, ती सायलेन्सरच्या बाजूला बांधली, आणि मिठागरापर्यंत पोहोचेपर्यंत पेटीला खालून भोक पडलं होतं. शेवटी एका मोडीत निघालेल्या फ्रिजचा आतला डबा मिळवला, त्याला बाहेरून पत्रा मारून घेतला, मधल्या पोकळीत भुसा ठासला आणि खाली लाकडी फळी घालून तो कॅरिअरवर चढवला. वरून ट्यूबचे पट्टे. ती पेटी आजतागायत आहे.

पण पेटी असून काय होतं? नियम होते ना त्यांचे! बाटली गार झाल्याशिवाय पेटीत जायची नाही. पेटीत रिकामी जागा ठेवायची नाही, उरलीच तर चिंध्या कोंबायच्या. शेवटच्या थांब्याच्या बाटल्या तळाला, पहिल्या थांब्याच्या सगळ्यात वर. एका थांब्यावर झाकण एकदाच उघडायचं, मग मागून कुणी कितीही गयावया करो. आणि पेटीवर ओलं पोतं. गाडी पळायला लागली की वाऱ्यानं पोतं सुकतं आणि सुकताना पेटीची उष्णता ओढून घेतं. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तरी हे गप्पा मारायला थांबायचे नाहीत. “पोतं थांबतं ना मग,” म्हणायचे. लोक यांना शिष्ट समजायचे.

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. बर्फाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाजारामागच्या गोदामातून लादी स्वतः आणायची, स्वतः फोडायची, स्वतः भरायची. मी मदतीला गेले तरी, “राहू द्या वहिनी, तुमचे हात गरम आहेत.” म्हटलं, बरं बाबा, माझे हात गरम, माझं डोकं गरम, तुमचं चालू द्या.

घरात तिसरा माणूस म्हणजे आमचे हे. घराच्या पुढच्या खोलीत यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान. किल्ल्या घासायच्या, अडकलेली कुलपं उघडून द्यायची. बोलायचं मात्र काही नाही. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणतात, “झाली.” माझं आणि भावजींचं कडाक्याचं भांडण जुंपलं की हे कानस घेऊन किल्ली घासत बसणार, आणि फारच गळ्याशी आलं तर म्हणणार, “दोघांचंही बरोबर आहे.” या एका वाक्यावर या माणसानं आख्खा संसार काढला आहे. धाकट्या भावाच्या धंद्याबद्दल चांगलं नाही की वाईट नाही, एक शब्द मी कधी यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात भावजी पडले. खाणीच्या वळणावर खडी सांडलेली होती, पुढचं चाक घसरलं आणि गाडीसकट आडवे झाले. खाणीतला ट्रकवाला त्यांना घरी घेऊन आला. तो सांगत होता, उठल्या उठल्या या माणसानं आधी पेटीचं झाकण नीट बसलंय का बघितलं, आणि मग कुठे लक्षात आलं की आपला डावा हात वर होत नाही. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. मी रडले, आणि मग जे तोंड सोडलं! पुरे झालं म्हटलं, आता ही गाडी विकायची.

हाड जुळेपर्यंत ते दुकानात बसले. बसले म्हणजे काय, एका स्टुलावर ठेवल्यासारखे होते. गिऱ्हाईक आलं की दचकायचे. किल्ल्यांच्या आकड्यांवरून नजर फिरवायची आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचं. दुपारचं ऊन चढलं की हमखास म्हणायचे, “आता मिठागरावर काय होत असेल.” मला वाटायचं, होईल सवय. माणसाला कशाचीही होते.

पण हात गळ्यातल्या झोळीतून निघाला त्याच आठवड्यात पेटी पुन्हा कॅरिअरवर! मग आमच्यात जुंपली ती जुंपलीच. मी काही उगाच ओरडत नव्हते. तो खांदा पहिल्यासारखा झाला नव्हता. लादी उचलताना ओठ चावायचे, मला खिडकीतून दिसायचं. पेटीत बर्फ कमी भरला जायचा. आणि बाजारात एका बाईनं मला सांगितलं की हल्ली गारेगारचं सरबत पूर्वीसारखं नसतं. मी घरी येऊन ते तसंच्या तसं तोंडावर मारलं.

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. “कोण म्हणालं?”

“कोण का म्हणेना. खरं की खोटं?”

“खोटं.”

“मी स्वतः बघणार.”

“बघा ना!” ते एकदम उसळले. “उद्या बसा माझ्या मागे. मिठागरावरची शेवटची बाटली तुम्ही उघडायची. कोमट निघाली तर परवापासून दुकानात बसतो, गाडी विकतो, पुन्हा नाव काढत नाही. थंड निघाली तर तुम्ही या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.”

“मंजूर,” मी म्हटलं.

आमचे हे कानस खाली ठेवून दोघांकडे बघत होते. मला वाटलं, आता येणार ते वाक्य. पण तेही आलं नाही. मुकाट्यानं उठून आत गेले.

सकाळी मी उठले तर हे माझ्या आधी उठून अंगणात पेटीपाशी उभे. भावजी आत आंघोळीला गेलेले. मी विचारलं, “इथे काय करताय?” तर म्हणाले, “पोतं भिजवतोय.” जन्मात कधी भिजवलं नव्हतं! पण माझं लक्ष हेल्मेटात. ते डोक्यात जाईना, गेलं तर निघेना. त्या गडबडीत मी काही पुढे विचारलं नाही.

मी मध्ये बसले आणि पेटी माझ्या मागे. ओल्या पोत्याचं पाणी पाठीवरून झिरपत होतं. गार वाटत होतं हे कबूल करते, पण तेव्हा मी केलं नाही. सारखी ओरडत होते, “हळू! खड्डा! अहो, ट्रक!” भावजी मात्र खुशीत होते. शीळसुद्धा घालत होते.

डांबराच्या कामावर पोहोचलो. माणसांच्या चेहऱ्यांवर काजळी, पायाखालची जमीनसुद्धा तापलेली. भावजींनी झाकण उघडलं आणि स्वतःच थबकले. बाटल्यांवर पांढरा थर धरला होता. आतल्या सरबतात बर्फाच्या काड्या तरंगत होत्या. एका माणसानं घोट घेतला आणि गाल धरून नाचायलाच लागला. “गारेगार, आज काय दात पाडायचा बेत आहे का?” सगळे हसले. भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही परीक्षेत पहिले आले होते. माझं तोंड कडू झालं. मी हरणार असं दिसत होतं.

खाणीपाशी झाकण उघडलं तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. बाटल्या थंड होत्या, चांगल्या थंड होत्या. पण त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपून बघितलं आणि झाकण लावलं.

“काय झालं?”

“काही नाही. बसा.”

पुढे शीळ बंद झाली. गाडी जोरात हाणायला लागले. मी पाठीत एक धपका घातला तेव्हा कुठे वेग कमी केला. माझ्या मनात आलं, हरतायत वाटतं. आणि खरं सांगते, जो आनंद व्हायला हवा होता तो काही होईना.

मिठागर मी पहिल्यांदाच बघत होते. जिकडे बघावं तिकडे पांढरं, डोळे उघडवत नाहीत. बायका, माणसं लांब दांड्याच्या लाकडी फावड्यांनी मीठ ओढत होती. पायांची कातडी पार फाटलेली. गाडीचा आवाज ऐकला तशी सगळी फावडी टाकून आली. पुढे त्यांची मुकादमबाई, धिप्पाड, आवाज असा की कोसभर जावा. मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, “याच का त्या वहिनी?” म्हणजे पैजेची बातमी इथे माझ्या आधी पोहोचली होती. भावजींच्या पोटात काही राहील तर शपथ! त्यांनी ती आदल्या रात्रीच तिला फोन करून सांगितली होती.

भावजींनी झाकण उघडलं. आत नुसतं पाणी. बर्फाचा खडा नाही. तळाच्या बाटल्या त्या पाण्यात कलंडून पडलेल्या. त्यांनी एकेक बाटली काढून दिली, कुणाच्या तोंडाकडे न बघता.

पहिला घोट घेतला एका म्हाताऱ्यानं. त्यानं तो गिळला, शेजाऱ्याकडे बघितलं, शेजाऱ्यानं पुढच्याकडे. मग म्हातारा म्हणाला, “आहाहा! काय थंड!”

झालं! मग सुरूच झालं. “हाडं गोठली बाई!” “माझी तर जीभच बधिर झाली.” एकानं त्या रणरणत्या उन्हात कुडकुडायला सुरुवात केली, तेव्हा मुकादमबाईनं त्याला कोपरानं ढोसलं की बाबा, जरा बेतानं. सगळे तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघत होते.

शेवटची बाटली माझ्या हातात आली. उघडली, प्यायले. आंघोळीच्या पाण्यात विसण जरा जास्त पडलं की लागतं ना, तसं होतं ते. गरम नाही आणि गारही नाही.

मी तोंड उघडायच्या आत भावजींनी म्हाताऱ्याच्या हातातली बाटली घेऊन एक घोट प्यायला. “कोमट आहे,” ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. “खोटं कशाला बोलता रे सगळे? मी काय तुम्हाला कधी फसवलंय? वहिनी जिंकल्या.”

त्यांनी ओला हात तोंडावरून फिरवला, ओठांवर जीभ फिरवली आणि तसेच थांबले. पुन्हा पेटीत बोट बुडवलं, चाटलं.

“खारट,” म्हणाले.

मुकादमबाईनं बोट बुडवलं. “अगं बाई! आमच्याकडे येताना मीठ घेऊन आलात? कमी पडलं होतं का इथे?” सगळे खो खो हसले. भावजी नाही हसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम अंगणातलं ते ओलं पोतं आठवलं.

“दादा,” भावजी म्हणाले.

मग त्यांनीच समजावून सांगितलं. कारखान्यात आइस्क्रीमवाले यायचे, ते बर्फात जाडं मीठ घालायचे. मीठ पडलं की बर्फ भयंकर थंड होतो, पण तसाच भराभर संपतोही. थोड्या वेळाच्या कामाला ठीक. एवढ्या लांबच्या फेरीला नाही. “दादाला अर्धंच माहीत,” ते म्हणाले. “मीच कधीतरी सांगितलं असेल जेवताना. त्याच्या लक्षात राहिलं.” आणि मग पेटीच्या कडेला हात टेकून मान खाली घातली. रडत होते. हसतही होते.

मला आधी राग आला. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्यानं, माझ्याविरुद्ध कट करावा? आणि मग तो राग टिकेना. हा माणूस अंधारात उठून, भावानं जिंकावं म्हणून चोरासारखा मीठ घालत होता, आणि मी समजत होते यांना कशाचंच काही नाही.

मुकादमबाई म्हणाली, “ही पैज बाद. पुन्हा खेळा.” पण भावजींनी ऐकलं नाही. कोमट ते कोमट, कारण काही असो. शब्द दिला तो दिला. त्यांनी पेटीतलं पाणी ओतून टाकलं, सगळ्यांना हात जोडले. म्हातारा तोंड फिरवून उभा राहिला.

परत येताना ते एकदाच बोलले. “वहिनी, दादाला मिठाचं कळू द्यायचं नाही. जन्मभर मनाला लावून घेईल.”

“मग त्यांना काय सांगायचं?”

“सांगू, खांदा दुखतो. मलाच जमत नाही आता.”

मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला होता.

घरी पोहोचलो तेव्हा हे दुकानाच्या पायरीवर उभे होते. दुपारच्या वेळी हा माणूस कधी उभा दिसत नाही. हातात कानस, पण किल्ली नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. गाडी थांबायच्या आत भावाला विचारलं, “थंड होतं ना?”

भावजींनी हेल्मेट काढलं. तोंड उघडलं. “दादा, मी काय म्हणतो—”

“थंड होतं,” मी म्हटलं.

भावजी गर्रकन वळले. “वहिनी!”

“निकाल मी द्यायचा ठरलं होतं ना? मग तुम्ही गप्प बसा. थंड होतं. डांबरावरच्या माणसाचा तर दात पडायचा राहिला. मी हरले. झालं समाधान?” आणि हेल्मेट उपटायला लागले, कारण ते पुन्हा अडकलं होतं आणि त्याच्या आड माझे डोळे भरले होते.

भावजींना आता बोलायची सोयच नव्हती. खरं सांगावं तर दादाचं मीठ उघडं पडणार. या माणसाला मी पहिल्यांदाच असा कोंडीत पकडला होता. पट्टे सोडून ते पेटी आत घेऊन गेले.

हे पायरीवर बसले. मीही टेकले. बराच वेळ गेल्यावर, मी काही विचारलं नसताना, हे बोलले. “तो दुकानात बसला होता ना, तेव्हा मला त्याची कीव यायला लागली होती. माझ्या भावाची. ती मला नको होती.”

इतक्या वर्षांत यांनी एका दमात एवढं कधी सांगितलं नव्हतं.

आतून पेटी पुसल्याचा आवाज येत होता. तो थांबला. थोड्या वेळानं भावजींची हाक आली, अडखळत, “दादा... उद्या लादी उचलायला येशील का? खांदा भरून येतो रे माझा.”

“येतो की,” हे म्हणाले आणि उद्याची वाट न बघता तसेच उठून आत गेले.